ढिगातल्या तबकड्या : जुन्या रेकॉर्डींच्या शोधाविषयी

‘आता सगळं फोनवर मिळतं, मग या जड प्लेटा कशाला गोळा करता?’ जुन्या रेकॉर्डी शोधणाऱ्या माणसाला हा प्रश्न घरच्यांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्या गाण्यासाठी पूर्वी दहा दुकाने पालथी घालावी लागत, ते आज बसल्या जागी ऐकता येते. मग जुन्या बाजारात उकिडवे बसून, नाकातोंडात धूळ घेत, तबकड्यांचे गठ्ठे एकेक करून उलटण्यात आनंद तो कोणता?

याची माझ्यापुरती दोन उत्तरे आहेत. फोनवर शोधायचे तर आधी नाव ठाऊक असावे लागते. ढिगाची तशी अट नसते. जे नाव आपण कधी ऐकलेच नाही, तेही त्यात हाताला लागते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. तबकडीत गाणे तर असतेच, पण त्या गाण्याचा दाखलाही तिच्यावरच असतो. कोणी गायले, कोणत्या कंपनीने मुद्रित केले, साधारण कोणत्या काळात, कोणत्या तंत्राने, हे सारे तिच्या अंगावर लिहिलेले असते. गाणे फोनवर येताना यातले बहुतेक गळून पडते. रेकॉर्ड शोधण्याचा आनंद बराचसा हा मजकूर वाचण्याचा आहे.

शोधायचे कुठे?

नव्या संगीताच्या दुकानांचा काळ आपल्या डोळ्यांदेखत सरला. मुंबईतील काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाऊस’ १९४८ साली सुरू झाले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद झाले. तिथे काचेच्या खोपटात उभे राहून रेकॉर्ड आधी ऐकता येई आणि मग घ्यायची की नाही ते ठरवता येई. अनेकांचे कान अशा दुकानांनीच तयार केले. त्याआधीच्या पिढीत तर रेकॉर्ड हाच दूरचा गुरू होता. गदगचा लहानगा भीमसेन अब्दुल करीम खाँ यांच्या झिंझोटीतील ठुमरीच्या रेकॉर्डने झपाटला आणि पुढे अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घराबाहेर पडला, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

आता उरले ते जुने बाजार. मुंबईत चोर बाजारातील मटण स्ट्रीट आणि शुक्रवारी पहाटे तिथे भरणारा बाजार. पुण्यात मंगळवार पेठेजवळ बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. याखेरीज गावोगावचे भंगारवाले आणि रद्दीची दुकाने. विक्रेत्यांचेही दोन प्रकार असतात. एकाला माल कळतो. तो तबकड्या भाषेप्रमाणे आणि गायकाप्रमाणे लावून ठेवतो आणि लता की रफी, एवढेच आपल्याला विचारतो. दुसऱ्याला कळत नाही. त्याच्याकडे तबकड्या पितळी समई, नळाच्या तोट्या आणि तुटक्या पंख्यांच्या शेजारी पडलेल्या असतात. ‘काका, निवडून घेतल्या तर पन्नासला एक, गठ्ठा उचलला तर तीसनं,’ असा त्याचा हिशेब. पहिल्याकडे हवे ते मिळते, दुसऱ्याकडे नको असलेल्या वीस तबकड्यांबरोबर एखादी अशी मिळते की घरी येईपर्यंत धीर धरवत नाही. गठ्ठाच उचलावा, असा माझा सल्ला असतो.

लाख, काजळी आणि दगडाची पूड

या शोधात मुख्यतः ज्या भेटतात त्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या. भारतात त्या १९७०च्या सुमारापर्यंत निघत होत्या. त्या प्लास्टिकच्या नाहीत. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यापासून मिळणारी लाख, दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू यांचे ते मिश्रण. म्हणूनच तबकडी जड असते आणि हातातून सुटली की कौलासारखी फुटते. दगडाची पूड मुद्दाम घातलेली असे, म्हणजे पोलादी पिन घासली जाऊन तबकडीवरच्या खाचेचा आकार घेई. पिन एका बाजूला एकदाच वापरायची, असा नियम होता. काटकसरी घरांत तो फारसा पाळला जात नसे. तीच पिन पुन्हा पुन्हा फिरलेली तबकडी उजेडात तिरपी धरली की राखाडी दिसते.

भारतातील ध्वनिमुद्रणाचा मोठा आरंभ झाला तो १९०२ साली. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेडरिक गायसबर्ग कलकत्त्याला आले आणि त्यांनी पाचशेहून अधिक मुद्रणे केली. गौहर जान यांची पहिली मुद्रणे याच दौऱ्यातली. मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि आवाजाच्या कंपनांनी मेणाच्या चकतीवर खाच कोरली जायची. या मुद्रणांवरून तबकड्या तयार होत जर्मनीतील हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना गायक ओळखता यावा म्हणून गौहर जान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव उच्चारत. ही सोय पुढे रीतच होऊन बसली आणि शेवटी नाव सांगण्याची ऐट श्रोत्यांनाही आवडू लागली. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच तयार होऊ लागल्या.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावत. तासाभराचा ख्याल तेवढ्यात बसवताना गायकाने काय ठेवले आणि काय सोडले, हे ऐकणे हाच एक अभ्यास आहे. आपले भावगीतही याच मापात वाढले. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली आणि घरोघरी पोहोचली. नागपूरला वकिली केलेले हे जोशी पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले. त्यांचे ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे पुस्तक या विषयाच्या प्रत्येक वाचकाने वाचावे असे आहे.

लेबल वाचण्याची कला

ढिगातून तबकडी बाहेर काढली की आधी चित्र पाहावे. कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा सर्वांच्या ओळखीचा; ‘कुत्राछाप’ हा शब्दच त्यातून आला. पण कुत्र्याऐवजी लेखणीने तबकडीवर लिहीत बसलेला पंखवाला देवदूत दिसला, तर ती तबकडी ग्रामोफोन कंपनीच्या आरंभीच्या वर्षांतली समजावी. तिच्या एकाच बाजूला गाणे असेल, तर आणखी जुनी. याशिवाय ओडियन, कोलंबिया, ट्विन, ब्रॉडकास्ट, यंग इंडिया अशी नाना नावे भेटतात.

मग क्रमांक. लेबलावर ठळक छापलेला क्रमांक विक्रीच्या यादीतला. खरी गंमत लेबल आणि खाचांच्या मधल्या गुळगुळीत काळ्या पट्ट्यात असते. तिथे बारीक अक्षरांत मूळ मुद्रणाचा क्रमांक उमटलेला असतो. विक्रीचा क्रमांक कंपनी आपल्या सोयीने देई, पण मुद्रणाचा क्रमांक सहसा मुद्रण ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने चाले. एका प्रसिद्ध गायकाच्या आणि एका अनोळखी बाईंच्या तबकडीवरचे हे क्रमांक एकमेकांना लागून आले, तर दोघांची मुद्रणे एकाच बैठकीत, कदाचित एकाच साथीदारांबरोबर झाली असण्याचा संभव असतो. एका तबकडीची तारीख कळली की शेजारच्या दहांची अंदाजाने लावता येते. याच पट्ट्यात क्रमांकापुढे लहानसा त्रिकोण दिसला, तर ग्रामोफोन कंपनीचे ते मुद्रण १९२५ नंतर आलेल्या विजेच्या तंत्राचे, म्हणजे मायक्रोफोनवरचे. त्रिकोणाऐवजी चौकोन असेल, तर त्यानंतर काही वर्षांनी आलेल्या वेगळ्या यंत्रणेचे. भिंगातून हा तांदळाएवढा त्रिकोण सापडतो तेव्हा होणारा आनंद शब्दांत सांगणे अवघड आहे.

नावही नीट वाचावे. जुन्या लेबलांवर गायिकेच्या नावाला ‘जान’, ‘बाई’, ‘मिस’ जोडलेले असे. काही नावांपुढे कंसात ‘अमॅच्युअर’ असे छापलेले आढळते. गाणे हा या व्यक्तीचा व्यवसाय नाही, हे गिऱ्हाइकाला आवर्जून सांगण्याची कंपनीला गरज वाटत होती. गाणाऱ्या बाईकडे समाज कसा पाहत होता, हे त्या एका शब्दावरून जितके कळते तितके दहा पानांच्या निबंधातून कळणार नाही. चित्रपटगीतांत आणखी एक गोष्ट दिसते. ‘महल’ (१९४९) मधील लता मंगेशकरांचे गाजलेले गाणे प्रथम तबकडीवर आले तेव्हा गायिका म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’. ते पडद्यावर मधुबालाने रंगवलेल्या पात्राचे नाव. पार्श्वगायकाचे नाव छापण्याची गरजच वाटत नव्हती, अशा काळाचा हा छापील पुरावा आहे. गाणे फोनवर ऐकताना तो दिसत नाही.

कागदी कव्हरे मात्र जपून वाचावीत. त्यांवर कुठल्या तरी गावच्या दुकानदाराचा शिक्का असतो, जुनी जाहिरात असते, कधी लग्नातल्या आहेराचा मजकूर असतो. पण कव्हरांची अदलाबदल फार होते. कव्हरावरून तबकडीचा इतिहास ठरवू नये.

पारख आणि जपणूक

विकत घेण्यापूर्वी तबकडी मधल्या भोकात बोट घालून हलकी तोलावी आणि कडेवर नखाने टिचकी मारावी. मडके वाजवून घेतात तसेच. स्वच्छ नाद आला तर तबकडी अखंड. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी भेग आहे. ओरखडे दिसले तरी घाबरू नये, खोल नसतील तर गाणे निघते. धुळीला साधे पाणी आणि मऊ फडके पुरते. लेबल मात्र भिजू देऊ नये. स्पिरिट चुकूनही लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. तबकड्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. एलपीच्या बारीक सुईवर त्या वाजवू नयेत; यांची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते.

वेगाचाही विचार हवा. ७८ हा आकडा नंतर पक्का झाला. आरंभीची अनेक मुद्रणे त्याहून कमी-अधिक वेगाने झालेली आहेत. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली, तर आवाज जवळजवळ एक पट्टी वर चढतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो आणि तानही उगाच चपळ वाटते. फोनवरच्या कित्येक जुन्या गाण्यांत हा फरक तसाच राहिलेला असतो आणि त्यावरून आपण बुजुर्गांच्या आवाजाबद्दल मते बनवतो.

ज्यांचे फक्त एवढेच उरले

मोठ्या गायकांची गाणी या ना त्या रूपात टिकतील. काळजी बाकीच्यांची आहे. मुंबईत वडाळ्याला नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा कारखाना होता. १९३५ ते १९५५ या वीस वर्षांत ‘यंग इंडिया’ या नावाने तिने तबकड्या काढल्या. बड्या कंपन्यांचे नामांकित कलावंत तिला सहसा मिळत नसत, म्हणून तिने नवख्या आणि हौशी मंडळींना गायला लावले. त्यांतले कोणी पुढे नावारूपाला आले. बरेच जण एक-दोन तबकड्या गाऊन संसाराला, नोकरीला लागले. त्यांचे गाणे पुन्हा कोणी बाजारात आणले नाही. अशा गायकाची शेवटची तबकडी फुटली की तो गायला होता हे सांगायलाही काही उरत नाही.

आणि तबकड्या फुटतात. वाडे आणि चाळी पाडल्या जातात तेव्हा माळे रिकामे होतात. पितळी कर्णा दिवाणखान्याच्या शोभेसाठी विकला जातो. तबकड्या भंगारात जातात किंवा मध्ये काटे बसवून त्यांची भिंतीवरची घड्याळे होतात. विकणाऱ्याला दोष देता येत नाही. त्याला त्या वस्तूचा उपयोग कोणी सांगितलेलाच नसतो.

म्हणून विकत घेऊन कपाटात बंद करणे मला पुरेसे वाटत नाही. संग्राहक आपला माल लपवतात, हा या छंदाचा जुना दोष. याउलट काम करणारेही झाले. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली आणि तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून हौशी संग्राहकांनी याद्या आणि लेख प्रसिद्ध केले. ऑस्ट्रेलियन संशोधक मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांची सूची ग्रंथरूपाने १९९४ मध्ये दिली. अशी सूची हाती असली की बाजारात सापडलेली एक तबकडी मोठ्या कोड्यातला नेमका तुकडा होऊन बसते.

हे काम सोपे आहे, त्याला पदवी लागत नाही. घरात तबकड्या असतील तर टाकण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या लेबलांची छायाचित्रे काढावीत, काळ्या पट्ट्यातला क्रमांक उतरवून घ्यावा, आणि त्या कोणी, कुठून, कधी आणल्या हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. माझ्या वहीत प्रत्येक तबकडीला एक ओळ आहे. त्यातला ‘गायकाची माहिती’ हा रकाना बऱ्याच ओळींत कोरा आहे. तो भरून देऊ शकणारी एखादी आजी, एखादा पुतण्या किंवा नातसून हा दिवाळी अंक ज्या घरांत जातो, त्यांपैकीच कुठेतरी असण्याची शक्यता आहे.