पहाटेची थंडी आणि जुनी डिझेल मोटार

सायकलच्या चाकात जोरजोरात हवा भरली की पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते. घर्षणाचा त्यात थोडा वाटा असतो. पण मुख्य कारण निराळे आहे. हवा दाबताना आपण तिच्यावर कार्य करतो, त्यामुळे तिची अंतर्गत ऊर्जा वाढते आणि ती तापते. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालते. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी स्पार्क प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात तो नसतोच. दट्ट्या हवा दाबून इतकी तापवतो, की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते.

मग डिसेंबरातल्या पहाटे, नाशिक-निफाडकडे पारा ७ अंशांपर्यंत उतरला, की जुनी डिझेल अ‍ॅम्बॅसॅडर का बरे रुसते? (या मोटारीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पण जपून ठेवलेल्या गाड्या अजून आहेत.) थोडे गणित करू. हवा मूळ आकारमानाच्या विसाव्या हिश्शात दाबली आणि उष्णता मुळीच बाहेर गेली नाही, तर तिचे केल्व्हिनमधील तापमान सुमारे ३.३ पट होते. दुपारच्या २७ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ३०० केल्व्हिनच्या हवेचे सुमारे ७२० अंश सेल्सिअस होतील. पहाटेच्या २८० केल्व्हिनच्या हवेचे मात्र सुमारे ६५०. सुरुवातीचा २० अंशांचा फरक शेवटी ६६ अंशांवर गेला!

तरीही ६५० अंश डिझेल पेटायला पुष्कळ झाले, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे; पण ‘उष्णता मुळीच बाहेर गेली नाही तर’ ही अट पाळली जात नाही. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असताना दट्ट्या खालून वर यायला एक शतांश सेकंद लागतो. सेल्फ मारल्यावर फेऱ्या असतात जेमतेम दीडशे. तेव्हा तोच प्रवास ०.२ सेकंदाचा होतो. म्हणजे थंडगार धातूला उष्णता शोषून घ्यायला वीसपट वेळ मिळतो. शिवाय रिंगा झिजल्या असतील तर तेवढ्या अवधीत हवाही निसटते. थंडीत ऑइल घट्ट झालेले, बॅटरीचा जोर कमी झालेला, म्हणून सेल्फ आणखी मंद फिरतो. पुष्कळदा ‘इंजिन बिघडले’ अशी ओरड होते, तेव्हा खरा दोष बॅटरीच्या गंजलेल्या टर्मिनलचा असतो. आधी ती घासून पाहावी. त्याला पैसा लागत नाही.

ही उष्णतेची तूट भरून काढण्यासाठी हीटर प्लग असतात. अ‍ॅम्बॅसॅडरसारख्या इंजिनात डिझेल आधी एका लहानशा कोठडीत फवारले जाते. तिच्या भिंती फार उष्णता खातात, म्हणून तिथे तापणारी तार बसवलेली असते. अशा एका प्लगचा रोध सुमारे १ ओहम धरला, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२ अँपिअर प्रवाह जातो. चारांतून मिळून ४८! मोटारीचा ६० वॅटचा दिवा अवघे ५ अँपिअर घेतो, हे ध्यानात घ्या. म्हणून हीटर सांगितलेल्या सेकंदांपुरताच लावायचा, उगाच धरून ठेवायचा नाही. १९७०च्या दशकातील मर्सिडीझ डिझेल गाड्यांत हे प्लग एकसरीत जोडलेले असत. त्यांतला एक जळाला की सगळे बंद, आपल्या जुन्या दिवाळीच्या माळेसारखे! समांतर जोडणीत एक गेला तरी बाकीचे तापतात.

आता दोष शोधायचा कसा? दोनच प्रश्न विचारायचे: उष्णता कमी पडते, की डिझेल पोचत नाही? उत्तर धुराड्याकडे पाहून मिळते. सेल्फ मारताना डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचते आहे. पेटत नाही एवढेच. तेव्हा बॅटरी, हीटर प्लग आणि दाब तपासावेत. धूर मुळीच नसेल, तर डिझेलच आत जात नाही. अशा वेळी हीटर प्लग बदलणे म्हणजे निव्वळ खर्च.

धूर नसला की आधी टाकी पाहावी, इंजिन थांबवण्याची ओढकळ आत ढकललेली आहे ना ते पाहावे. तेही ठीक असेल तर बहुधा ‘एअर धरलेली’ असते. पंपाला नोझलमधून डिझेल उडवण्यासाठी वातावरणाच्या शंभरपटीहून अधिक दाब द्यावा लागतो. द्रव जवळजवळ दबत नाही, म्हणून हा दाब पुढे पोचतो. हवेचा बुडबुडा मात्र स्प्रिंगसारखा नुसता दबतो आणि फुगतो. ही हवा शिरते कुठून? टाकीकडून येणाऱ्या नळीत डिझेल ओढले जात असल्याने तिथल्या सैल सांध्यातून डिझेल गळत नाही, उलट हवा आत येते. बाहेर ओल दिसत नाही, म्हणून सांध्याचा संशय कुणाला येत नाही. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरते आणि बिचारा पंप मात्र महागड्या दुरुस्तीला जातो. दोष असतो दोन रुपयांच्या वॉशरचा!

गाडी सुरू झाल्यावर मिनिटभर थरथरते, पांढरा धूर सोडते आणि मग गुळगुळीत चालते, तर एखादा हीटर प्लग जळाल्याचा संशय घ्यावा. तो सिलिंडर शेजाऱ्यांच्या उष्णतेने तापल्यावर कामाला लागतो. इंजिन गरम होऊनही थरथर राहिली, तर मेकॅनिक एकेका नोझलच्या नळीचे नट किंचित सैल करतो. चालत्या सिलिंडरचे डिझेल तोडले की इंजिनाची गती पडते. ज्याचे तोडूनही काही फरक पडत नाही, तोच आळशी. हा प्रयोग तुम्ही करू नका. नोझलचा फवारा कातडी भेदून आत शिरतो आणि जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तातडीने इस्पितळ गाठावे लागते. पेट्रोलचा बोळा हवेच्या तोंडाशी धरून गाडी सुरू करणारेही भेटतात. हीटर लाल झालेला असताना हे करणे म्हणजे स्फोटाला आमंत्रणच.

राहिली ती आयडलिंगला फेऱ्या आपोआप चढण्या-उतरण्याची तक्रार. पंपातील गतिनियंत्रकात फिरणारी वजने बाहेर फेकली जाऊन डिझेल कमी करतात, स्प्रिंग ते वाढवते. दोघांचा समतोल साधला की गती स्थिर राहते. डिझेलबरोबर बुडबुडे आले, की हा समतोल दर क्षणी मोडतो. तेव्हा आयडलिंगच्या स्क्रूला हात लावण्यापूर्वी फिल्टरजवळ पारदर्शक नळीचा तुकडा जोडून पाहावा. बुडबुडे डोळ्यांना दिसतात.