फसगत झालेल्या ग्राहकाने दाद कोठे मागावी?

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा ज्याने जुलै २०२० पासून घेतली, त्या २०१९ च्या कायद्यान्वये तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी-धंदा करतो, तेथील जिल्हा आयोगापुढेही फिर्याद गुदरता येते. पूर्वी त्यासाठी बहुधा विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत.

अधिकारक्षेत्र: मोबदल्यादाखल दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही.

मुदत: कारण घडल्यापासून २ वर्षे, विलंबास सबळ कारण असल्यास तो माफ होऊ शकतो.

ग्राहक कोण नव्हे: पुनर्विक्रीसाठी माल घेणारा.

वकील: सक्तीचा नाही. स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये तो विनामूल्य मिळू शकतो; ही तरतूद फारशी कोणाच्या कानावर नसते.

पुरावा: दुकानातील यंत्रातून निघणारी गुळगुळीत पावती काही महिन्यांतच पांढरीफटक पडते, छायाप्रत त्याच दिवशी काढावी.

दूरध्वनी: ग्राहक साहाय्य १९१५, ऑनलाइन पैसे लुबाडले गेल्यास तत्काळ १९३०.