बंद खोलीतील निखारे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२६ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी, कार्तिक पौर्णिमेच्या तोंडावर, नाशिक जिल्ह्याच्या अनेक तालुक्यांत वादळी पाऊस आणि गारपीट झाली, तेव्हा द्राक्षबागांचे आणि कांद्याचे पंचनामे झाले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले आणि सरकारदरबारी अहवालही रुजू झाले. परंतु अशा रात्री वीज गेल्यावर घराच्या चार भिंतींच्या आत जे केले जाते, त्याचा पंचनामा करण्याची तजवीज कोणत्याही कचेरीत नाही. देवळा, लोहोणेर, उमराणे या बाजूच्या मळ्यांतील वस्त्यांवर हिवाळ्यात असे वादळ आले की प्रथम लाईट जाते, मग भिजलेली माणसे घरात येतात, पत्र्याच्या फटींतून बोचरा वारा शिरू लागतो, त्या फटींत गोणपाट कोंबले जाते, आणि शेवटी घरातील कोणी जाणते माणूस ओसरीवर पेटवलेल्या घमेल्याकडे पाहून सांगते : "धूर संपला, निखारे लाल झाले, आता घ्या आत, काही होत नाही."

हे वाक्य निरक्षरांच्या तोंडून मी ऐकले आहे आणि पदवीधरांच्या तोंडूनही ऐकले आहे, आणि दर वेळी तितकाच संताप आला आहे; कारण या एका वाक्यात जेवढी निश्चिंती आहे, तेवढाच अनर्थ आहे. धूर हा जळणाचा दृश्य आणि त्रासदायक भाग असतो, पण प्राणघातक भाग बहुधा तो नसतो. लाकूड तापू लागले की त्यातील पाण्याची वाफ, डांबरासारखी द्रव्ये आणि न जळलेले सूक्ष्म कण बाहेर पडतात, तो धूर. ही सारी द्रव्ये निघून गेली की मागे उरतो तो जवळजवळ शुद्ध कोळसा. तो धुमसू लागला, त्यास पुरेसा प्राणवायू मिळाला नाही, म्हणजे त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो; इतकेच नव्हे, तर घमेल्याच्या तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या लालबुंद थरातून जाताना त्याचेही काही अंशी कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. म्हणजे धूर सरला आणि निखारा फुलला, या ज्या क्षणी आपण घमेले निर्धास्तपणे आत आणतो, नेमका तोच क्षण या वायूच्या दृष्टीने सर्वांत वाईट असतो.

ज्यांना डोळ्यांनी पुरावा हवा असेल, त्यांनी अंगणात अंधारात फुललेल्या निखाऱ्यांकडे थोडा वेळ निरखून पाहावे. त्यांच्यावर फिकट निळ्या, बोटभर उंचीच्या ज्योती नाचताना दिसतात. त्या ज्योती म्हणजे जळत असलेला कार्बन मोनॉक्साइडच होय. पुढे निखाऱ्यांवर राख चढते, ज्योती विझतात, आणि "आता विस्तव मंदावला" असे समजून घरातील मंडळी अंथरुणावर पडतात. वस्तुतः ज्योत विझली म्हणजे जो वायू आतापर्यंत जळून जात होता, तो न जळता खोलीत मिसळू लागतो. राखेखाली झाकलेला विस्तव पहाटेपर्यंत टिकतो, ही आपल्या आजीपणजीची काटकसर खरी आहे, पण तो जितका वेळ टिकतो तितका वेळ हा वायू सोडीत राहतो.

या वायूस रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि तो डोळ्यांना वा घशाला झोंबतही नाही. श्वासावाटे तो रक्तात गेला की तेथील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे ते अडीचशे पट अधिक आसक्तीने चिकटतो. हवेत प्राणवायूचे प्रमाण शेकडा २१, आणि या वायूचे प्रमाण हजार भागांत केवळ एक, अशी स्थिती काही तास टिकली तरी रक्तातील निम्म्याच्या आसपास हिमोग्लोबिन तो व्यापून टाकू शकतो. कुळाच्या जमिनीवर दुसऱ्याच कोणी कब्जा करून बसावे आणि मूळ वहिवाटदाराने बांधावर उभे राहावे, तशी प्राणवायूची गत होते. स्वच्छ हवेत आल्यावरही रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास साधारण चार ते पाच तास लागतात. रुग्णालयात मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिला तर हाच अवधी तास-दीड तासावर येतो.

याची लक्षणे फसवी असतात, आणि येथेच बहुतेक घरे चुकतात. डोके दुखते, मळमळते, गरगरते, पायांतील बळ जाते. मनुष्य म्हणतो, पित्त झाले असेल, भिजल्यामुळे ताप येत असेल. परंतु एका खोलीतील सर्वांचेच डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर आल्यावर उतरू लागले, तर ते पित्त नव्हे. त्याहून भयंकर गोष्ट अशी, की धोका ओळखणारी बुद्धी आणि दारापर्यंत नेणारे पाय ही दोन्ही साधने हा वायू आधी निकामी करतो. झोपलेल्यास तर जाग येण्याची संधीही बहुधा मिळत नाही. लहान मुले आणि गर्भवती स्त्री व तिच्या पोटातील बालक यांना हा धोका इतरांपेक्षा अधिक असतो.

"पण आमच्या घराला फटी आहेत" हा यावर ठरलेला जबाब. ज्या रात्री शेगडी आत येते, त्याच रात्री त्या फटी बुजवलेल्या असतात. आणि पाऊस थांबून वारा पडला की उघड्या फटीतूनही हवेची ये-जा फारशी होत नाही. "आम्ही खाटेवर झोपतो, विषारी वायू खाली बसतो" हा दुसरा जबाब. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका असून खोलीभर सारखा पसरतो. खाट, माळा, जमीन असा भेद तो जाणत नाही. "शेजारी पाण्याचे पातेले ठेवतो" हा तिसरा. पाण्यात हा वायू जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे पातेल्याने फक्त खोलीतील एक जागा अडते.

हे सारे ज्यांस अतिशयोक्त वाटेल, त्यांनी फेब्रुवारी २०२१ मधील अमेरिकेच्या टेक्सास राज्याचा प्रसंग ध्यानात घ्यावा. तेथे हिमवादळात सुमारे ४५ लाख घरांची वीज गेली; लोकांनी घरात कोळसा पेटवला, जनित्रे चालवली, बंद गॅरेजमध्ये मोटारी सुरू ठेवल्या; आणि तेथील वृत्तसंस्थांच्या तपासानुसार त्या एका आठवड्यात या वायूच्या बाधेमुळे १,४०० हून अधिक माणसे दवाखान्यांत गेली व किमान ११ दगावली. श्रीमंत देश, पक्की घरे, सुशिक्षित वस्ती, यांपैकी कशानेही बचाव झाला नाही. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण थंडीच्या लाटेच्या सूचनांत बंद जागेत कोळसा जाळू नका असे स्पष्ट बजावते. ती सूचना गावापर्यंत पोचते, पण घमेल्यापर्यंत पोचत नाही.

कोणी बेशुद्ध वा अर्धवट शुद्धीत आढळले तर कांदा हुंगवणे, लिंबू पाजणे, तोंडावर पाणी मारणे यांत एक क्षणही दवडू नये. दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, माणसाला मोकळ्या हवेत आणावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की खोलीत निखारे होते. हे सांगणे अत्यावश्यक आहे, कारण करोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर या वायूने भरलेल्या आणि प्राणवायूने भरलेल्या रक्तात फरक करू शकत नाही. रुग्ण मरणाच्या दारी असताना ते ९८ दाखवू शकते. निदान रक्ताच्या वेगळ्या तपासणीनेच होते.

वीज गेलेल्या रात्रीचे आणखी काही गैरसमज थोडक्यात निकालात काढतो.

"दार उघडे ठेवून ओट्यावर जनित्र चालवले तर चालते." चालत नाही, त्याच्या धुरात हाच वायू असतो, आणि ते दारे-खिडक्यांपासून किमान वीस फूट दूर, उघड्यावर असावे.

"गावातली लाईट गेली, म्हणजे तुटून पडलेली तार मेली." कोरड्या वा खडकाळ जमिनीवर पडलेली तार उपकेंद्रातील संरक्षक यंत्रणेला कळतेच असे नाही, आणि बंद असलेला पुरवठा केव्हाही सुरू होऊ शकतो; तारेपासून दूर राहून १९१२ वर कळवावे.

"एकच फ्यूज उडाला आहे, डीपीवर जाऊन मीच टाकतो." हे काम वायरमनचे आहे, ओल्या हातांनी डीपी उघडणाऱ्यास दुसरी संधी मिळत नाही.

"जनित्राची वायर घरच्या सॉकेटमध्ये खोचली की झाले." चेंजओव्हर स्विच नसेल तर तीच वीज उलटी लाईनवर जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेते.

"वारा सुटला की मुद्दाम लाईट घालवतात." फांदी टेकली, तारा एकमेकींना लागल्या वा इन्सुलेटर फुटला की फीडर आपोआप, क्षणार्धात बंद पडतो, दोष शोधण्यास मात्र अंधारात, चिखलातून लाईनभर चालावे लागते, म्हणून वेळ लागतो.

"मोबाइल वीज ओढून घेतो." हातातला मोबाइल वीज ओढत नाही, उघड्या रानात वा एकाकी झाडाखाली उभे राहणे घातक असते.

"दोन घोट घेतले की ऊब येते." मद्याने कातडीकडील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंगातली उष्णता अधिकच बाहेर जाते.

राहता राहिला थंडीचा प्रश्न, आणि तो खरा आहे. भिजलेल्या म्हाताऱ्या माणसाची हुडहुडी ही थट्टेची बाब नव्हे. परंतु आपल्या जिल्ह्यात थंडीसाठी प्रसिद्ध असलेल्या निफाडातही पारा सहसा पाच-सहा अंशांच्या आसपास थांबतो. ही थंडी टेक्सासच्या हिमवादळाची नव्हे, आणि तिच्यावरचा उपाय प्रत्येक घरात घडी करून ठेवलेला आहे. ओले कपडे तत्काळ बदलावेत, डोके व कान बांधावेत, जमिनीवर गोणपाट आणि त्यावर सतरंजी घालावी, सर्वांनी एकाच खोलीत जवळजवळ निजावे, म्हाताऱ्यांच्या व मुलांच्या गोधडीत घट्ट बुचाच्या बाटलीत कोमट पाणी भरून फडक्यात गुंडाळून द्यावे. शेकायचे असेल तर उघड्या अंगणात मनसोक्त शेकावे, आणि आत जाण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतून ते पूर्ण विझवावेत. आपल्याकडची थंडी गोधडीने निभावते. या वायूवर गोधडीचा इलाज नाही. म्हणून प्रत्येक घरातील जाणत्या माणसास माझी कळकळीची विनंती आहे, की यंदाच्या हिवाळ्यात लाईट जाईल त्या रात्री घमेले उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका, आणि शेजारच्या वस्तीवर ते आत जाताना दिसले, तर संकोच न धरता जाऊन अडवा.