सुरक्षेची प्रश्नावली

अमेरिकेत वीजकेंद्रे, तेलवाहिन्या, रासायनिक कारखाने, दूरध्वनीचे जाळे आणि बँका यांचा फार मोठा भाग खासगी कंपन्यांच्या मालकीचा आहे, आणि त्यामुळे या सर्वांच्या रक्षणाची जबाबदारी अंगावर घेतलेल्या तिथल्या केंद्र सरकारला, ज्याचे रक्षण करायचे ते नेमके कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि त्याभोवतीचे कुंपण किती उंच आहे, हे आधी मालकालाच विचारावे लागते. देशातील ज्या यंत्रणा आणि वास्तू निकामी झाल्या असता राष्ट्राची सुरक्षा, अर्थव्यवस्था किंवा सार्वजनिक आरोग्य खिळखिळे होईल, त्यांना २००१ च्या पेट्रियट कायद्याने निर्णायक पायाभूत सुविधा मानले. त्यांच्या संरक्षणाचा कार्यक्रम गेली पंचवीस वर्षे मुख्यतः प्रश्नावल्या, पाहण्या आणि अभिप्राय-पत्रके यांच्या आधारे चालत आला आहे. हा कारभार रुक्ष वाटला, तरी प्रश्न विचारणाऱ्या सरकारने उत्तर देणाऱ्याला परत काय दिले, या एका कसोटीवर त्याचे यशापयश बरेचसे ठरत गेले आहे.

एप्रिल १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीतील सरकारी इमारत बाँबस्फोटाने उद्ध्वस्त झाल्यानंतर, पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी या विषयावर एक आयोग नेमला आणि त्याच्या अहवालाच्या पाठोपाठ मे १९९८ मध्ये पहिला धोरणात्मक आदेश काढला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर गृहसुरक्षा विभाग स्थापन होऊन मार्च २००३ पासून तो काम करू लागला. २०१३ मध्ये ऊर्जा, पाणी, आरोग्य, वित्त, वाहतूक अशी १६ क्षेत्रे निश्चित झाली. आणि २०१८ च्या नोव्हेंबरात या विभागातच ‘सीसा’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी, सायबर आणि पायाभूत सुविधांच्या सुरक्षेची स्वतंत्र संस्था उभी राहिली.

नव्या गृहसुरक्षा विभागाचा पहिला मोठा प्रश्न अगदी साधा होता: देशात महत्त्वाचे असे काय काय आहे? तो राज्यांना विचारण्यात आला, परंतु महत्त्वाचे कशाला म्हणावे याचे मोजमाप मात्र त्याच्या सोबत नीट पाठवले गेले नाही. २००३ मध्ये सुमारे १६० ठिकाणांपासून सुरू झालेली ही राष्ट्रीय सूची जानेवारी २००६ पर्यंत ७७,०६९ नोंदींपर्यंत फुगली, आणि त्या वर्षी विभागाच्याच महानिरीक्षकाने तिची तपासणी केली तेव्हा अलाबामातील मुलांसाठीचे एक प्राणिसंग्रहालय, टेनेसीतील खेचरांची वार्षिक मिरवणूक, एक आठवडी बाजार आणि इंडियानातील पॉपकॉर्न तयार करणारा एक छोटा उद्योग हेही राष्ट्राच्या महत्त्वाच्या ठिकाणांत बसलेले आढळले. एकट्या इंडियाना राज्याच्या नावावर ८,५९१ नोंदी होत्या, म्हणजे न्यूयॉर्कपेक्षा सुमारे दीडपट आणि कॅलिफोर्नियाच्या दुपटीहून अधिक. ही प्राधान्यक्रमाची यादी नसून केवळ साठा-नोंद आहे, असा विभागाचा बचाव होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. पण दहशतवादविरोधी अनुदानाच्या वाटपात याच सूचीचा आधार घेतला जात असल्यावर राज्यांनी हात राखून नोंदी कराव्यात अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे होते. वर्तमानपत्रांनी पॉपकॉर्नची यथेच्छ टिंगल केली, तरी दोष त्या उद्योगाचा किंवा इंडियानाच्या कारकुनांचा नव्हता, कारण निकषाविना प्रश्न आणि उत्तरामागे पैशांची आशा अशी जोड जिथे घातली जाते, तिथे यादी फुगणारच.

यानंतर संसदेने २००७ च्या कायद्याने प्राधान्यक्रम लावलेली यादी मागितली, आणि संभाव्य जीवितहानी, आर्थिक नुकसान अशा परिणामांच्या मर्यादा ठरवून राज्यांनी दरवर्षी नावे सुचवावीत अशी पद्धत घालण्यात आली. ही यादी आधीच्या सूचीपेक्षा कितीतरी शिस्तीची होती, पण तिच्या वाट्याला उलट दुखणे आले. सरकारी कारभाराची संसदेच्या वतीने चिकित्सा करणारी आणि भारतातील ‘कॅग’ची आठवण करून देणारी ‘जीएओ’ ही संस्था मार्च २०२२ च्या अहवालात नोंदवते की, २०१७ या आर्थिक वर्षापासून पुढे ५६ राज्ये आणि प्रदेशांपैकी कोणत्याही एका वर्षात १४ हून अधिक राज्यांनी आपली माहिती अद्ययावत केली नाही. सायबर हल्ल्यासारखे जे धोके राज्यांना प्रत्यक्षात भेडसावत होते, ते या यादीत नीट उमटत नव्हते, आणि ज्या कागदाचा स्वतःला उपयोग नाही तो दरवर्षी भरून पाठवण्याचा उत्साह कोणत्याही कचेरीत फार काळ टिकत नाही.

प्रत्यक्ष कारखान्याच्या दारात जाऊन करायच्या पाहणीची कथा याहून गुंतागुंतीची आणि अधिक बोधप्रद आहे. २००४ पासून गृहसुरक्षा विभागाने देशभर संरक्षण सल्लागार नेमले. हे अधिकारी दंड करू शकत नाहीत, परवाना रोखू शकत नाहीत आणि मालकाने नको म्हटले तर आतही येऊ शकत नाहीत. अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या मदतीने त्यांच्यासाठी एक संगणकीय प्रश्नसंच तयार करण्यात आला, ज्यात माहितीची देवाणघेवाण, सुरक्षेचे व्यवस्थापन, रक्षकदल, संरक्षक उपाय, कुंपण-दरवाजांसारखी भौतिक सुरक्षा आणि वीज-पाणी यांसारख्या बाह्य सेवांवरील अवलंबित्व हे सहा मुख्य भाग, त्यांचे ४२ उपविभाग आणि सुमारे १,५०० तपशील येतात. या उत्तरांतून एक निर्देशांक निघतो, आणि मालकाला संगणकाच्या पडद्यावर आपल्या ठिकाणाची तुलना त्याच प्रकारच्या इतर, नावे झाकलेल्या ठिकाणांशी करून पाहता येते. रक्षकांची संख्या वाढवली किंवा प्रवेशद्वाराची व्यवस्था बदलली तर निर्देशांक किती वर जाईल, हेही तो स्वतःच अजमावू शकतो. इथे उत्तर देणाऱ्याला प्रथमच काहीतरी कामाचे परत मिळत होते, आणि या प्रश्नसंचाची खरी हुशारी त्याच्या दीड हजार तपशिलांपेक्षा या परतफेडीत होती.

मात्र ही परतफेड वेळेवर होत नव्हती. मे २०१२ मधील जीएओच्या अहवालानुसार, पाहणीचा निकाल ३० दिवसांत मालकाच्या हाती द्यावा असा विभागाचाच नियम असताना २०११ या आर्थिक वर्षात ६० टक्के पाहण्यांच्या बाबतीत तो मोडला गेला, आणि याहून सखोल अशा दुर्बलता-तपासणीचे निकाल ६० दिवसांत मिळणे अपेक्षित असताना ८४ टक्के वेळा ते उशिरा पोहोचले. सुरक्षेवरचा खर्च कंपनीच्या वार्षिक अंदाजपत्रकात बसवावा लागतो, त्यामुळे अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर आलेला निकाल कितीही अचूक असला तरी त्या वर्षापुरता बिनकामाचा ठरतो. काही महिन्यांनी मालकाशी पुन्हा संपर्क साधून कोणत्या सुधारणा केल्या हे विचारले जाई, पण त्या का केल्या किंवा का केल्या नाहीत, हे विचारण्याची सोय त्या पाठपुराव्यात नव्हती, आणि कार्यक्रम सुधारायचा असेल तर तोच प्रश्न सर्वांत मोलाचा असतो, हे जीएओनेही दाखवून दिले. त्याच अहवालातील आणखी एक आकडा विचारात पाडणारा आहे: २००९ ते २०११ या तीन आर्थिक वर्षांत सुमारे २,८०० पाहण्या आणि तपासण्या झाल्या, परंतु सर्वोच्च प्राधान्याच्या यादीतील ठिकाणांशी त्यांतील १३५ पाहण्या आणि ४४ तपासण्याच निश्चितपणे जुळवता आल्या. पाहणी ऐच्छिक असल्याने होकार जिथे मिळेल तिथे ती होत होती, आणि सर्वाधिक जोखमीची ठिकाणे व होकार देणारी ठिकाणे एकच असतात असे मानायला काही आधार नाही.

पाहणी झालेल्यांत मोठी हॉटेले आणि मॉलही असतात, कारण व्यापारी वास्तू हे १६ क्षेत्रांपैकी एक आहे. या क्षेत्राकडे वळलेल्या लक्षाचा मुंबईशी थेट संबंध आहे: २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यांनंतर जानेवारी २००९ मध्ये अमेरिकी सिनेटच्या गृहसुरक्षा समितीने केवळ मुंबईच्या अनुभवावर सुनावणी घेतली, आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या इमारतींचे रक्षण कसे करावे याविषयी हॉटेल-उद्योगातील सुरक्षातज्ज्ञांचीही साक्ष झाली.

आपल्या कारखान्यातील कच्चे दुवे सरकारला लिहून देताना मालकाला साहजिकच भीती वाटते, की तो कागद उद्या माहिती-अधिकारात स्पर्धकाच्या हाती पडेल, किंवा नियामक अधिकारी त्याच्याच आधारे दंड ठोकेल. त्यावर २००२ च्या कायद्याने एक तोडगा काढला, ज्यानुसार मालकाने स्वेच्छेने दिलेली आणि विभागाने प्रमाणित केलेली अशी माहिती जाहीर करता येत नाही, दिवाणी दाव्यात वापरता येत नाही आणि नियमभंगाच्या कारवाईसाठीही तिचा उपयोग करता येत नाही. नागरिकांच्या बाजूने पाहिले तर ही तरतूद खटकणारी आहे, कारण शेजारच्या कारखान्यातील धोका सरकारच्या दप्तरी नोंदलेला असूनही रहिवाशांना त्याचा पत्ता लागत नाही. तरीही या आश्वासनाशिवाय ऐच्छिक पाहणीचा दरवाजा उघडलाच नसता, हेही मान्य करावे लागते.

या प्रश्नावल्यांवर आणखी एका कायद्याचा पहारा असतो. १९८० मध्ये झालेल्या आणि १९९५ मध्ये नव्याने रचलेल्या कागदपत्र-कपात कायद्यानुसार, दहा किंवा अधिक लोकांना एकसारखे प्रश्न विचारू पाहणाऱ्या केंद्रीय कार्यालयाला आधी राजपत्रात ६० दिवसांची आणि मग ३० दिवसांची सूचना देऊन लोकांची मते मागवावी लागतात, एक अर्ज भरायला किती वेळ लागेल आणि सर्वांचे मिळून वर्षाला किती तास खर्च होतील याचा अंदाज मांडावा लागतो, आणि राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्प कार्यालयाकडून मंजुरी-क्रमांक घ्यावा लागतो, जो जास्तीत जास्त तीन वर्षे चालतो. वैध क्रमांक नसलेला अर्ज भरला नाही म्हणून कोणालाही दंड करता येत नाही, ही तरतूद वाचून भारतातील कोणत्याही अर्जदाराला हेवा वाटावा. प्रशिक्षणवर्ग किंवा सल्लागाराची भेट संपल्यावर दिली जाणारी छोटी अभिप्राय-पत्रकेही याच गाळणीतून जातात. अशा पत्रकांतून व्याख्याता आवडला की नाही हे कळते. भेटीनंतर कारखाना अधिक सुरक्षित झाला की नाही, हे मात्र त्यांतून कळत नाही, आणि समाधानाचे आकडे वरिष्ठांपुढे मांडणे सोपे असल्याने त्यांनाच यशाचा पुरावा मानण्याचा मोह कार्यालयांना होतो.

पहारा असूनही प्रश्नांची गर्दी टळली नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये जीएओने गृहसुरक्षा विभागातील वेगवेगळ्या कार्यालयांची दहा तपासणी-साधने शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा प्रत्येकाची व्याप्ती आणि खोली निराळी असल्याने निष्कर्ष एकमेकांशी जोडणे अवघड होते, तर दुसरीकडे एकाच मालकाकडे निरनिराळी सरकारी पथके फिरून फिरून येत असल्याने केंद्र सरकारच्याच नावाचा एक शीण उद्योगांत पसरला होता.

आणि ज्याने उत्तरच दिले नाही त्याचे काय, हा या साऱ्या पद्धतीतला सर्वांत अवघड प्रश्न आहे. २००७ पासून रासायनिक कारखान्यांसाठी निराळी, सक्तीची व्यवस्था होती: तीनशेहून अधिक धोकादायक रसायनांपैकी कोणतेही ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बाळगणाऱ्याने विभागाकडे प्राथमिक प्रश्नावली भरून पाठवायची, आणि तिच्यावरून कारखाना उच्च जोखमीचा आहे की नाही ते ठरायचे. १७ एप्रिल २०१३ रोजी टेक्सासमधील वेस्ट या गावातील खताच्या गोदामात अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन १५ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा उघड झाले की या गोदामाने साठ्याची माहिती राज्य सरकारला दिली होती, पण गृहसुरक्षा विभागाची प्रश्नावली कधी भरलीच नव्हती, आणि विभागाला त्याचा पत्ताही नव्हता. एका कार्यालयाच्या कपाटातील उत्तर दुसऱ्या कार्यालयाने पाहिले असते, तर निदान हे गोदाम नजरेत तरी आले असते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी आदेश काढून सर्व यंत्रणांना आपापली रासायनिक माहिती एकमेकांशी जुळवून पाहायला सांगितले.

तेलवाहिन्यांच्या बाबतीत ऐच्छिकतेवरचा विश्वास मे २०२१ पर्यंत टिकला. पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी जवळपास ४५ टक्के पुरवणारी कलोनियल कंपनीची वाहिनी खंडणीखोर संगणक-हल्ल्यामुळे बंद ठेवावी लागली आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी मोजली. वाहिन्यांची सुरक्षा पाहणाऱ्या परिवहन सुरक्षा प्रशासनाची ऐच्छिक सायबर तपासणी या कंपनीत तोवर झालेली नव्हती, हे पुढच्या महिन्यातील संसदीय सुनावणीत समोर आले. त्याआधीच, मे महिना संपण्यापूर्वी, प्रशासनाने महत्त्वाच्या वाहिन्यांच्या चालकांना घटना कळवणे, चोवीस तास उपलब्ध असणारा सायबर-समन्वयक नेमणे आणि आपल्या उणिवांचा आढावा ३० दिवसांत सादर करणे बंधनकारक केले.

रासायनिक कारखान्यांच्या बाबतीत अमेरिका नेमकी उलट दिशेला गेली, आणि वेस्टच्या अनुभवानंतर तिचे समर्थन करणे कठीण आहे. प्राथमिक प्रश्नावली सक्तीची करणाऱ्या कायद्याची मुदत संसदेने वेळेत वाढवली नाही, त्यामुळे २८ जुलै २०२३ रोजी तो संपुष्टात आला, आणि त्यानंतर धोकादायक रसायनांचा नवा साठा करणाऱ्या कारखान्यावर गृहसुरक्षा विभागाची ती प्रश्नावली भरण्याचे बंधन उरले नाही.