माहितीपटांतील अशोक आणि शिलालेखांतील अशोक

सम्राट अशोकाचे चरित्र आज बहुसंख्य लोकांपर्यंत पोहोचते ते ग्रंथांतून नव्हे, तर पडद्यावरून. दूरदर्शनवर १९८८ साली सुरू झालेली श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही मालिका आणि मायकेल वूड यांची २००७ सालची ‘द स्टोरी ऑफ इंडिया’ ही माहितीपटमालिका, या दोहोंत अशोकाला स्थान मिळाले आहे. ही माध्यमे लोकशिक्षणाचे मोठे साधन आहेत. म्हणूनच ती पाहताना प्रत्येक प्रसंगाचा आधार कोणता, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

अशोकाविषयीची साधने मुख्यतः दोन प्रकारची आहेत. ‘अशोकावदान’ व ‘महावंस’ हे ग्रंथ अशोकानंतर कित्येक शतकांनी रचले गेले. शिलालेख व स्तंभलेख मात्र त्याच्याच आज्ञेने कोरले गेले. त्यांची ब्राह्मी लिपी विस्मृतीत गेली होती. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली तिचा उलगडा केला, तोपर्यंत अशोकाची ओळख कथांवरच अवलंबून होती. अशोकाने ९९ भावांना ठार केले, असे ‘महावंस’ सांगतो. पाचव्या शिलालेखात मात्र राजाच्या भाऊबहिणींच्या अंतःपुरांची व्यवस्था धम्ममहामात्रांकडे सोपविल्याचा उल्लेख आहे. क्रूर राजपुत्राचे चित्र रंगविताना हा उल्लेख दुर्लक्षून चालणार नाही.

पडद्यावर सर्वाधिक रंगतो तो कलिंगयुद्धाचा प्रसंग. रणांगण, प्रेतांचे ढीग आणि त्याच क्षणी पालटलेला राजा, असे ते दृश्य असते. युद्धाची भीषणता काल्पनिक नाही. अभिषेकास आठ वर्षे झाल्यावर कलिंग जिंकले, दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली व त्याहून कितीतरी अधिक मृत्यू पावली, असे तेरावा शिलालेख स्वतःच सांगतो आणि त्याबद्दल अनुताप व्यक्त करतो. तथापि कलिंगातील धौली व जौगड येथे हा लेख कोरलेला नाही. तेथे त्याऐवजी स्वतंत्र लेख आहेत. सर्व माणसे माझी अपत्ये आहेत, असे सांगून त्यांत अधिकाऱ्यांना ताकीद दिली आहे की, कोणालाही अकारण बंदिवास वा छळ सोसावा लागू नये. पराजितांपुढे राजाने अश्रूंऐवजी न्यायाची हमी ठेवली, ही गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते.

परिवर्तनही क्षणार्धात घडलेले नाही. लघुशिलालेखात अशोक सांगतो की, उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला. पहिले वर्षभर आपण फारसा पराक्रम केला नाही, परंतु पुढे संघाच्या सान्निध्यात आल्यावर नेटाने प्रयत्न केला. आठव्या शिलालेखानुसार अभिषेकास दहा वर्षे झाल्यावर तो संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेला. तेव्हापासून शिकारीच्या विहारयात्रांची जागा धम्मयात्रांनी घेतली. याच आठव्या लेखाचा तुकडा महाराष्ट्रात सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला.

संथपणे घडणारे परिवर्तन चित्रित करणे कठीण असते, हे आम्ही जाणतो. परंतु एका दृश्यात पालटणारा राजा केवळ चमत्कार ठरतो. वर्षानुवर्षे प्रयत्न करणारा, आपली उणीव दगडावर कोरून ठेवणारा उपासक मात्र सामान्य माणसाला अनुकरणीय वाटतो. माहितीपट मुलांना अवश्य दाखवावेत. मात्र ‘हे शिलालेखात आहे की कथेत?’ हा प्रश्न विचारण्याची सवयही त्यांना लावावी.