फी माफीवर भुलू नका. कॉलेज निवडण्याआधी संघाची यादी तपासा

बारावीचा निकाल लागला की अहिल्यानगर जिल्ह्यातील चांगल्या खेळाडूंच्या घरी कॉलेजांचे फोन सुरू होतात. 'फी माफ, राहण्या-जेवणाची सोय, संघात जागा पक्की', असे शब्द दिले जातात. प्रवेश घेतल्यावर मात्र काही जण वर्षभर राखीव खेळाडूंच्या बाकावरच बसतात. हे टाळण्यासाठी काय तपासावे?

निवडीचा मार्ग कसा असतो?
जिल्ह्यातील बहुतांश महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. खेळाडू आधी कॉलेजच्या संघात येतो. मग आंतरमहाविद्यालयीन, आंतरविभागीय आणि त्यानंतर विद्यापीठाचा संघ, असा क्रम असतो. पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक असे चार विभाग आहेत. म्हणजे कॉलेजच्या संघातच जागा मिळाली नाही, तर पुढचे दार उघडतच नाही.

जागा किती रिकाम्या?
समजा, कबड्डीच्या १२ जणांच्या संघातील ९ जण पुढच्या वर्षीही तिथेच शिकणार आहेत. मग नव्यांसाठी उरतात फक्त ३ जागा. त्यातही तुम्ही चढाईपटू असाल आणि कॉलेजला बचावपटू हवे असतील, तर संधी आणखी कमी. बेसबॉलमध्ये पिचर आणि कॅचरचे असेच असते. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थीही संघात खेळू शकतात, हे विसरू नका.

कॉलेजला काय विचारावे?
- गेल्या तीन वर्षांचे संघ कोणते? त्यात प्रथम वर्षाचे किती जण प्रत्यक्ष खेळले?
- खेळाडू जिल्ह्यातील शाळांतून घेतात की दरवर्षी बाहेरून आणतात?
- तुमच्या खेळाचा प्रशिक्षक रोज मैदानावर असतो का? की स्पर्धेपुरताच येतो?
- दुखापत झाली किंवा संघातून वगळले, तर फी सवलत राहते का?
- स्पर्धेमुळे परीक्षा बुडाली, तर काय सोय आहे?

उत्तरे लेखी घ्या. शेवटच्या दोन प्रश्नांवर टाळाटाळ झाली, तर सावध व्हा.

खरे उत्तर कुठे मिळते?
संघातील द्वितीय वर्षाच्या खेळाडूंकडे. शक्य असेल तर संघ सोडून गेलेल्या एखाद्याशीही बोला. सरावाच्या वेळी न कळवता मैदानावर चक्कर मारा.

पुण्याला जावे की जिल्ह्यातच राहावे?
कुस्ती, अ‍ॅथलेटिक्ससारख्या वैयक्तिक खेळात कामगिरी थेट दिसते; तिथे तालीम आणि प्रशिक्षक पाहा. सांघिक खेळात मोठ्या कॉलेजच्या नावापेक्षा प्रत्यक्ष खेळायला मिळणे महत्त्वाचे.

एवढी घाई का नको?
राज्यात शासकीय नोकरीत गुणवत्ताप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. तिथे प्रमाणपत्र कोणत्या स्तराचे, हे पाहिले जाते आणि त्याची पडताळणीही होते. शिवाय आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयोमर्यादा असते. बाकावर गेलेले वर्ष परत मिळत नाही. प्रवेश अर्जावर सही करण्याआधी चार दिवस चौकशीसाठी ठेवा.