गोल चेहरा आणि हेअरकट: कात्री कुठे थांबवायची?

आजचा विषय माझ्या स्वतःच्या फजितीतून आलाय.

मावसबहिणीच्या लग्नाआधी दहा दिवस मी हनुवटीपर्यंतचा बॉब कट केला. सेल्फीत मस्त दिसत होता. लग्नाचे फोटो आले आणि बघते तर फ्रेमभर माझे गालच गाल! वर मामींनी विचारलंच, "वजन वाढलं का गं?" वजन तेवढंच होतं. केस चुकीच्या जागी संपत होते.

म्हणजे काय, ते सांगते. केस जिथे सरळ कापलेले असतात तिथे एक आडवी रेघ तयार होते आणि बघणाऱ्याची नजर तिथेच थांबते. हनुवटीशी संपणारा बॉब बरोबर गालांच्या खाली रेघ मारतो. टोकं आत वळली की कानांपाशी फुगवटा येतो. भरलेला चेहरा आणखी रुंद दिसतो.

मग सेल्फीत का कळलं नाही? फोन हातभर अंतरावर असतो. नाक कॅमेऱ्याच्या जवळ, कान त्यामानाने लांब. त्यामुळे चेहऱ्याचा मधला भाग मोठा दिसतो, कडा मागे जातात आणि चेहरा प्रत्यक्षापेक्षा अरुंद वाटतो. फोटोग्राफर मात्र दोन-तीन मीटरवर उभा असतो. म्हणून हेअरकट ठरवताना मैत्रिणीला सहा-सात फुटांवरून, मागच्या कॅमेऱ्याने, थोडं झूम करून फोटो काढायला सांगा.

आता मोजमाप. केस मागे बांधा. कपाळावर केस सुरू होतात तिथपासून हनुवटीपर्यंतची लांबी आणि गालांच्या हाडांपाशी रुंदी मोजा. दोन्ही जवळपास सारखी आणि जबडा गोलसर असेल तर चेहरा गोल. लांबी बरीच जास्त असेल, तर गाल भरलेले असले तरी चेहरा लांबट आहे. पुढचे सल्ले तुमच्यासाठी नाहीत.

पार्लरमध्ये नुसतं "लेयर्स करा" म्हणू नका. नेमकं सांगा:

लांबी: खांद्याला टेकणारी किंवा त्याखाली. लेयर्स हनुवटीच्या खालून सुरू करायचे, गालांपाशी नाही.

भांग: मधून दोन बोटं बाजूला, तिरपा.

फुगवटा: डोक्यावर हवा, कानांजवळ नको.

फ्रिंज: जाड, सरळ फ्रिंज कपाळ झाकते आणि चेहरा आखूड दिसतो. मधे छोटी आणि बाजूंना गालांच्या हाडापर्यंत लांब होत जाणारी चालते.

कुरळे केस असतील तर ते वाळल्यावर वर चढतात. ओले कापताना दोन इंच जास्त ठेवायला सांगा, किंवा कोरडेच कापून घ्या.

मुलांनो, तुम्हालाही हेच गणित लागू: बाजूने बारीक, वर उंची. दाढी असेल तर गालांवर कमी, हनुवटीखाली थोडी जास्त.

आणि घाई नको. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. माझा बॉब खांद्यापर्यंत यायला वर्ष गेलं. लग्न किंवा साखरपुडा तोंडावर असेल तर नवा प्रयोग करू नका.

एक शेवटचं. गेल्या महिन्यात घरात साखरपुडा होता. आजीच्या मोत्याच्या कुड्या नीट दिसाव्यात म्हणून मी सगळे केस मागे घेऊन अंबाडा घातला. एकही बट पुढे नाही, म्हणजे वरचे सगळे सल्ले बाजूला. गाल दिसले. दिसू देत की! नजर कुठे जाईल हे कळलं, की ती कुठे न्यायची ते आपण ठरवायचं. त्या दिवशी मला ती कुड्यांवर हवी होती.

मामी होत्याच. म्हणाल्या, "कुड्या आईच्या ना गं?"

चला, भेटू पुढच्या भागात!